बांधलेल्या इंजिनाची निगा : नवशिक्या जीपवाल्यासाठी सचोटीच्या सूचना

अभिनंदन! जुन्या जीपचं इंजिन उतरवून बांधून घेण्याइतके पैसे तुमच्यापाशी होते आणि त्या पैशांत दुसरी गाडी बघण्याइतकी अक्कल नव्हती. जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यावर सिटा मारायला एवढी पात्रता पुरे. आता खालच्या सूचना क्रमाने वाचा.

१. काय बांधलंय ते आधी विचारा. ब्लॉक नाशिकला नेऊन बोअर केला, अर्ध्या मिलिमीटरने मोठे पिस्टन टाकले, क्रँक घासून त्या मापाची बेअरिंगं बसवली, हेडला फेस मारला, याला इंजिन बांधणं म्हणतात. झिजल्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा सरकवल्या आणि बाहेरून चंदेरी रंग फासला, यालाही इंजिन बांधणंच म्हणतात. पहिलं नीट वागवलं तर लाख-दीड लाख किलोमीटर जातं. दुसरं गाडीला गिऱ्हाईक मिळेपर्यंत जातं. तेव्हा बिल राहू द्या, मिस्त्रीकडून जुने पिस्टन मागून घ्या. ते हरवले असतील तर बहुधा ते अजून इंजिनातच आहेत.

२. पहिले हजार किलोमीटर संयम. नव्या बोअरवर होनिंगच्या बारीक तिरक्या रेघा असतात. त्यांत ऑइल धरतं आणि त्यांच्यावर घासून रिंगा बसतात. त्यासाठी गाडी बेताच्या भाराने, वेग कमी-जास्त करत चालवायची. नुसतं उभं इंजिन घुरघुरत ठेवलं तर रिंगा भिंतीला नीट दाबल्या जात नाहीत, बोअरला चकाकी येते आणि इंजिन जन्मभर ऑइल पितं. अडचण एवढीच, की स्टँडवर इंजिन चालू ठेवून गाडी हातभर पुढे, हातभर मागे केल्याशिवाय ‘आता सुटतेच’ यावर कुणाचा विश्वास बसत नाही. हा अभिनय हजार किलोमीटरपर्यंत इंजिन बंद ठेवून, केवळ तोंडाने करावा.

भाराबद्दल खुलासा : पुस्तकात ‘निम्मा भार’ लिहिलेलं असतं. आपल्याकडे निम्मा भार म्हणजे परवान्यावर लिहिलेली पूर्ण संख्या. टपावरचे, फुटबोर्डवरचे आणि ड्रायव्हरच्या उजव्या मांडीशेजारचे हे दुसऱ्या निम्म्यात धरावेत.

३. पहिलं ऑइल पाचशे किलोमीटरला काढा, फिल्टरसकट. त्यात घासून निघालेला लोखंडाचा कीस असतो. ते फडक्यातून गाळून परत ओतण्याची युक्ती कुणीतरी सांगेल. सांगणाऱ्याच्या गाडीचा धूर आधी बघा. दुसरं ऑइल हजार-दीड हजारला बदला आणि तेव्हाच टॅपेट तपासून घ्या.

४. थंडावा. गाडी तापते अशी तक्रार केली की काही मिस्त्री थर्मोस्टॅट काढून तुमच्या हातात ठेवतात. तो मुकाट्याने परत बसवायला सांगा. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन वेळेवर गरमच होत नाही, आणि गार इंजिन जास्त झिजतं. रेडिएटरमध्ये जड पाणी घातलं की आत क्षार धरतो, म्हणून कूलंट भरा. हे पटत नसेल तर मे महिन्यात मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर, टँकर येऊन गेल्यावर, रेडिएटरसाठी हंडाभर पाणी मागून बघा. तिथल्या बायका जे बोलतील, त्यानंतर कूलंट स्वस्त वाटू लागेल.

५. घाट. तोरंगणचा घाट चढताना वरच्या गिअरमध्ये इंजिनाला कण्हायला लावू नका. कमी फेऱ्यांवर भार पडला की बेअरिंगं मार खातात. उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करणारे महाभाग भेटतील. डिझेल गाडीत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्युम पंप इंजिनावरच चालतो. इंजिन बंद, की दोन-चार दाबांत ब्रेक दगड. वाचलेलं डिझेल मग वारसांना मिळतं.

६. धूळ आणि पाणी. उन्हाळ्यात एअर फिल्टरकडे दुर्लक्ष केलं की बोअर पुन्हा करायची तयारी ठेवा; रस्त्याची बारीक धूळ रिंगांना कानशीसारखी घासते. पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी जात असेल तर थांबा. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो.

७. धूर वाचायला शिका. निळा : ऑइल जळतंय. काळा : डिझेल जास्त किंवा हवा कमी. गरम झाल्यावरही पांढरा, आणि डिपस्टिकवर ऑइल दुधाळ : हेड गॅस्केट गेलं, पाणी आत आलं. कोणताच धूर नाही : गाडी बंद आहे.

८. तर इंजिन किती टिकेल? मीटरवर बघू नका, तो केव्हाच बंद पडलाय. मिस्त्रीने बांधलेलं आयुष्य ड्रायव्हर निम्मं करतो, आणि उरलेलं शेवटची एसटी चुकलेली माणसं वाटून घेतात. ‘दादा, एकच सीट’ म्हणणाऱ्याला नाही म्हणायला शिकलात, तर इंजिन टिकेल.

अपवाद एकच. रात्री पाड्यावरून निरोप येतो, बाळंतपण अडलंय, जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात न्यायचंय, कदाचित तिथून पुढे नाशिकला. तेव्हा हजार किलोमीटर झालेत की नाहीत हे मोजत बसू नये. बाईबरोबर तिची आई, सासू, आशाताई आणि गावातली चार माणसं चढतील; चढू द्यावीत. गाडी लागेल तशी ताणावी. घरी परतल्यावर, इंजिन गार झालं की, ऑइल बघायला विसरू नका.