भिंतींचे कलादालन

भित्तिचित्रे हुडकीत गल्लीबोळांतून भटकण्यासाठी लोक पदरमोड करून मेलबर्न-लिस्बनला जातात. परभणीकरास मात्र स्टेशनापासून वसमत रस्त्याकडे रमतगमत निघाले असता हेच सुख विनामोबदला लाभते, हे 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असा लौकिक मिरविणाऱ्या या शहराचे भाग्यच म्हणावयाचे. 2014 साली स्वच्छ भारत अभियानाचे फर्मान निघाल्यापासून गांधीजींचा चष्मा भिंतोभिंती अवतीर्ण झाला खरा, परंतु त्याच्या पायथ्याशी अनाम कलावंतांनी केवळ मुखसामर्थ्यावर, पान-गुटख्याच्या माध्यमातून, थरावर थर चढवीत जे तांबूस निसर्गचित्र कमरेइतके उंच नेले आहे, त्यापुढे सरकारी रंगाऱ्याची कला निस्तेज वाटते. अशा एका चष्म्याच्या डाव्या काचेवर 'स्वच्छ' शाबूत असून उजव्या काचेवरील 'भारत' बोअरवेलच्या जाहिरातीखाली गडप झाला आहे. मालमत्तेच्या विरूपणास प्रतिबंध करणारा 1995 चा कायदा अमलात आहे. फिर्याद कोणी द्यावयाची एवढाच प्रश्न शिल्लक आहे, कारण पंचनाम्यास बोलावलेले पंचही तोंडात तोबरा धरूनच यावयाचे.

याच परभणी जिल्ह्यातील गंगाखेड तालुक्यात, धारासूरच्या गुप्तेश्वर मंदिराच्या बाह्य भिंतींवर कित्येक शतके सुरसुंदरी उभ्या आहेत. डौल अप्रतिम, पण एकीच्याही पायाशी कारागिराने बोअरवेलवाल्यासारखा संपर्कासाठी क्रमांक कोरलेला नाही. बिचाऱ्याला धंदा कळला नाही.