रुमानियाची बाटली, धारवाडचे ताट : एक जबाबदार मार्गदर्शिका

रुमानियातल्या क्लुजला नोकरीला असलेला भाचा सुट्टीवर येतो आणि धारवाडच्या मालमड्डीतल्या घरात टेबलावर तांबड्या वाइनची बाटली ठेवतो. वर लिहिलेले असते 'फेत्यास्का न्याग्रा', म्हणजे त्या देशातल्या काळ्या द्राक्षाचे नाव. खाली 'देमिदुल्चे', म्हणजे निमगोड. युरोपच्या नियमानुसार लिटरला साधारण 12 ते 45 ग्रॅम साखर. कुटुंबाने गडबडून न जाता पुढील सूचना पाळाव्यात.

बाटली आधी थंड करावी. पुस्तकांत तांबडी वाइन 'खोलीच्या तापमानाला' प्यावी असे असते. ती खोली युरोपातली, हुबळीतली मे महिन्याची नव्हे. 15-16 अंश पुरे, म्हणजे फ्रीजमध्ये दोनेक तास. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नये. गुंडाळलेल्या वस्तूची चौकशी आधी होते. कोकम आगळाच्या शेजारी तर मुळीच ठेवू नये, नाहीतर संध्याकाळी सोलकढी वेगळीच लागेल आणि सगळे दुसऱ्यांदा मागतील.

आता मुख्य धोका : पेढा. वाइन गोड, पेढा गोड, तेव्हा जोडी जमलीच, असे सांगणारा एक काका प्रत्येक घरात असतो. त्याला प्रेमाने बाजूला बसवावे. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन आंबट आणि रोडकी लागते. लाईन बझारचा पेढा म्हणजे तांबूस होईतो परतलेला खवा, साखर, आणि वरून पुन्हा साखर. उन्नावहून आलेल्या ठाकूर कुटुंबाने रुजवलेल्या आणि पुढे भौगोलिक मानांकन मिळवलेल्या या पदार्थापुढे लिटरला 45 ग्रॅमवाली कशी टिकणार? दोघांत निदान दोन तासांचे अंतर हवे. जमल्यास दोन खोल्यांचेही.

निमगोड वाइनची खरी जागा तिखटाशेजारी. तिखटाने जीभ पेटली की दारूचा कडकपणा आणि तुरटपणा ती आग वाढवतात; साखर मात्र तिला थोपवते. म्हणून हुबळीच्या सावजी खानावळीतून आणलेल्या मटणाबरोबर कोरडी, तुरट तांबडी वाइन घेणे म्हणजे रॉकेल भरून बंब पाठवणे. निमगोड तिथे शहाण्यासारखी वागते. घोट मात्र लहान घ्यावा आणि रश्श्यावरची तर्री आधी भाकरीत मुरू द्यावी. रुमानियातही कोबीच्या पानात खिमा-तांदूळ गुंडाळलेल्या सारमालेशेजारी मक्याची मामालिगा आणि तोंडी लावायला तिखट मिरची असते. तेव्हा पाहुणीला आपले ताट अगदीच परके वाटणार नाही.

शाकाहारी घरांनी खट्टू होऊ नये. माझ्या मते सगळ्यांत चांगली जोडी त्यांच्याच ताटात आहे : एण्णगाई, म्हणजे भरली वांगी. शेंगदाणे-तिळाचे कूट, तेल, चिंच, गुळाचा खडा, आणि रंग भरपूर पण जाळ बेताचा अशी ब्याडगी मिरची. शेजारी कडक ज्वारीची भाकरी आणि शेंगा चटणी. शेंगदाण्याची स्निग्धता आणि गुळाची चव दोन्ही वाइनला सांभाळून घेतात. मिर्ची-गिरमिटाबरोबरही चालते, पण गिरमिट कुणासाठी थांबत नाही. ग्लास शोधेपर्यंत चुरमुरे मऊ पडतात. ग्लास नसेल तर स्टीलचे भांडे घ्यावे. रंग दिसत नाही, ही तक्रार नसून सोय आहे. ताकभाताची वेळ आली की बाटली उचलावी.

उघडलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहते. उरलेली वाइन रुमानियन लोक थंडीत दालचिनी-लवंग घालून गरम करतात. धारवाडच्या जुलैतल्या झडीला हाच उपाय लागू पडतो : मंद आच, उकळी येऊ द्यायची नाही. फक्त घरातल्या ज्येष्ठांना 'काढा आहे' असे सांगू नये. सर्दी नसलेलेही रांगेत उभे राहतात, आणि दुसऱ्या दिवशी भाच्याला फोन जातो की पुढच्या वेळी काढ्याच्या दोन बाटल्या आण.