कातरणमामी

आमच्या मामींसमोर कुणी जुना कपडा घालून उभं राहू नये. त्यांची नजर आधी चेहऱ्यावर जात नाही, कापडावर जाते. सदऱ्याचं टोक दोन बोटांत धरून त्या जरा चोळतात आणि विचारतात, "हा कधी टाकणार हायस?" स्वरात लोभ नसतो, वारसदाराची आस्था असते. आपण म्हणावं, "मामी, गेल्याच दिवाळीत घेतलाय." त्यावर त्या शांतपणे म्हणतात, "र्‍हाऊ दे की. मला घाई न्हाई."

मामी सोलापूरच्या, साखर पेठेतल्या. दुसऱ्या एखाद्या गावात त्यांचा छंद मालाअभावी उपाशी मेला असता. इथं १८७७ साली जुनी मिल सुरू झाली तेव्हापासून गाव कापडावर जगतंय. मिल गेल्या, भोंगे गेले. पण पूर्व भागात यंत्रमागांचा खडखडाट आहे, चादरी-टॉवेल आहेत, आणि गणवेश शिवणारे कारखाने तर गल्लीबोळांत आहेत. कापड कितीही काटकसरीनं बेता, गळ्याच्या नि काखेच्या गोलाईतून चंद्रकोरी उरतातच. कारखानदाराच्या लेखी ते कातरण, म्हणजे कचरा. मामींच्या लेखी कच्चा माल. शेजारच्या अक्का अशाच एका कारखान्यात काजं-बटणं करतात. संध्याकाळी त्यांच्या हातात पिशवी दिसली की मामी चहाचं आधण ठेवतात. दिसली नाही तर अक्कांना पाणी मिळतं.

या पुरवठ्यामुळे मामींच्या कुठल्याही पिशवीवर निळी चौकडी, मरून चौकडी आणि राखाडी पट्टे अशा तीन शाळा गुण्यागोविंदानं नांदतात. घरातही सगळीकडे कातरणच. स्टीलच्या डब्यांवर 'चकली', 'चिवडा' अशा चिठ्ठ्या आहेत, पण दिवाळीत पाहुण्यानं चिवड्याचा डबा उघडला तर आतून टेरीकॉट निघतं. मामा हयातभर महापालिकेत नोकरी करून निवृत्त झाले आणि आता त्यांच्याकडे रंगवारी लावायचं खातं आहे. फिका गुलाबी आणि राणी यांतला फरक त्यांना अजून कळत नाही. त्याबद्दल त्यांना रोज मेमो मिळतो.

"चिंध्या" हा शब्द त्या घरात उच्चारायचा नाही. एकदा जावयानं उच्चारला. "चिंधी न्हाई हो ती, कापड हाय," एवढंच मामी म्हणाल्या. पण त्या वर्षी जावयाच्या धोंड्याच्या वाणात शर्टपीसऐवजी जोडकामाची उशी आली.

मामी मशीनवर बसल्या की मात्र हसायची सोय राहत नाही. मशीन पायाचं. भरतकामासाठी त्या त्याचा फूट काढून ठेवतात, खालचे दात उतरवतात आणि कापड रिंगमध्ये ढोलकीसारखं ताणून बसवतात. आता कापड पुढं सरकवायला मशीन मदत करत नाही. वेग पायाचा, वळण हाताचं. पाय पुढं धावला आणि हात रेंगाळला की दोऱ्याचा गुंता. हात पुढं पळाला की टाका लांबतो, सुई वाकते, कधी तुटते. मामींचे हात रिंग अशी फिरवतात की सुई जागच्या जागी नाचते आणि खाली पान उमटत जातं, आधी देठ, मग शिर, मग भराव. चादरीचा तुकडा असेल तर १८ नंबरची सुई लागते. जाड सूत कापल्याबरोबर सुटायला लागतं, म्हणून चारी बाजूंनी आधी गोट मारून घ्यायचा. हे सगळं त्या सांगतात, पण समोरच्याच्या सदऱ्याकडे बघत.

मोर हा त्यांचा हातखंडा. जागा कमी पडली की पिसारा आखडतो आणि मोराचा कोंबडा होतो. मग मामी तुरा लाल करतात आणि कोंबडा मुद्दामच काढल्याचं ठामपणे सांगतात.

भेटी द्यायला निमित्त लागतं असं त्यांना वाटत नाही. लग्नात लोक पाकीट देतात, मामी पाकिटाला पाकीट देतात. रिमोटला झबलं, मिक्सरला टोपडं, गॅसच्या सिलिंडरला परकर, फ्रिजच्या मुठीला हातमोजा. बारशाला मात्र त्या खरं मन लावतात. दुपट्यात आजोबांचं धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर आतल्या बाजूला, आजीचं इरकल वर, आत्याच्या शालूचा काठ टोचतो म्हणून अगदी कडेला. आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेसाठी बाराबंदी शिवल्या जातात, तेव्हा शिंप्याकडचं पांढरं कातरण त्या वेगळं बांधून ठेवतात. त्याची पायपुसणी कधी होत नाहीत; पोथीचे रुमाल होतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून जाते ती तीन शाळांची पिशवी.

एका बाईंनी विचारलं, "मामी, ही पिशवी कितीला द्याल?" मामी हिशेबाला बसल्या. कापड फुकट. दोरा उरलेला. वीज नाही, मशीन पायाचं. बाई म्हणाल्या, "आणि मजुरी?" मामी म्हणाल्या, "मजुरी कशाची? मी बसलेलीच हाय की." बाई पिशवी घेऊन गेल्या आणि पिशवीत शेंगाचटणीची पुडीही घेऊन गेल्या. धंदा तिथंच आटोपला.

मामी यायच्या म्हटल्या की आमच्या घरात पळापळ होते. माळ्यावरचे अभ्रे, आसनं, तोरणं खाली उतरतात. सिलिंडरला परकर नेसवला जातो. मामी येतात, सगळीकडे नजर फिरवतात आणि म्हणतात, "एवढंच दिलं व्हय मी?" पुढच्या खेपेला गाठोडं मोठं असतं.

हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. पण विकत आणलेल्या पिशव्या आमच्याकडे बंदाशी उसवल्या, दुकानातले अभ्रे विटले, मॉलमधली पायपुसणी पहिल्याच धुण्यात विरघळली. मामींनी दिलेलं आजवर काहीही फाटलेलं नाही. आमच्या कपाटात जागा नाही, ती याच कारणानं.