अनमोल आणि कवडीमोल

इंग्रजीत समानार्थी शब्दांची जी रेलचेल आहे, तिचं मूळ इंग्रजांच्या एका पराभवात आहे. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि दरबारात फ्रेंच शिरली. चर्चमध्ये लॅटिन आधीच ठाण मांडून होती. रयत आपली इंग्रजीच बोलत राहिली. त्यामुळे जनावर गोठ्यात असेतो 'काउ', आणि धन्याच्या ताटात पडलं की फ्रेंच घराण्यातलं 'बीफ'. विचारणं म्हणजे 'आस्क', आवाज चढला की 'क्वेश्चन', आणि पोलीस चौकीत 'इंटरॉगेट'. गाईडात मात्र हे तिन्ही शब्द बरोबरच्या खुणेनं जोडलेले असतात. ते घोकलेला विद्यार्थी मग बाईंना वेळ 'इंटरॉगेट' करतो.

खरं तर मराठी माणसाला हे नवं नाही. पाणी आणि नीर एकच. पण 'आज नळाला नीर आलं नाही' म्हणणाऱ्याकडे सगळी चाळ वळून बघेल. 'थ्रिफ्टी' म्हणजे काटकसरी, 'स्टिंजी' म्हणजे चिक्कू. खर्च दोघांचा सारखाच. पहिला शब्द स्वतःसाठी, दुसरा शेजाऱ्यासाठी.

पीटर मार्क रॉजे या डॉक्टरनं १८५२ साली, वयाच्या ७३व्या वर्षी आपला थिसॉरस छापला. त्यात शब्द अकारविल्हे न लावता एक हजार कल्पनांखाली लावले होते, आणि विरुद्ध कल्पना शेजारशेजारच्या रकान्यांत; भांडलेले भाऊबंद एकाच पंगतीत बसवावेत तशा. अर्थ ठाऊक असलेल्याला नेमका शब्द सापडावा, एवढाच त्यांचा हेतू. परीक्षेच्या आदल्या रात्री कुणी असल्या याद्या घोकेल, हे त्या सज्जनाच्या स्वप्नातही नसावं.

विरुद्धार्थी शब्दांचं प्रकरण जास्त चिवट. 'लाइट'च्या उलट काय? ओझं असेल तर 'हेवी', रंग असेल तर 'डार्क'. म्हणजे वाक्याशिवाय उत्तर नाही. प्रश्नपत्रिकेत तेवढं वाक्यच नसतं. शेपटावरही विसंबू नये: 'प्राइसलेस' म्हणजे अनमोल, 'वर्थलेस' म्हणजे कवडीमोल. सर्वांत घातकी उपसर्ग 'इन'. 'इनकरेक्ट' म्हणजे चूक, म्हणून 'इन्फ्लेमेबल' म्हणजे न पेटणारं, असा हिशेब कुणीही करील. पण हा 'इन' नकाराचा नव्हे. 'फ्लेमेबल' आणि 'इन्फ्लेमेबल' दोन्ही पेटतात. तेव्हा टँकरच्या पाठीवर यांतलं काहीही लिहिलेलं असो, जवळ उभं राहून बिडी पेटवू नये.