यवतमाळात नाताळ कसा करावा: नवशिक्यांसाठी

सुरू करण्याआधी एक तपासणी. तुम्हाला नाताळ कुठून ठाऊक आहे? इंग्रजी सिनेमातून असेल, तर तुमच्या डोक्यात छपरांवर साचलेला बर्फ, पेटलेली शेकोटी आणि धुराड्यातून उतरणारा म्हातारा असणार. यातली शेकोटी तेवढी यवतमाळात मिळेल. ती चौकात असते आणि तिच्याभोवती ऑटोवाले बसलेले असतात. धुराडं नाही. बर्फ रसवंतीवर असतो, तोही होळीच्या सुमारास.

हवामानाचं एवढं लक्षात ठेवा: डिसेंबरात इथं पहाटे 12-13 अंश आणि दुपारी 28-29. मे महिन्यात 45 अंश सोसणारा यवतमाळकर 12 अंशांना सैबेरिया समजतो. तेव्हा सकाळच्या उपासनेला स्वेटर, मफलर आणि माकडटोपी घालून जायचं आणि दुपारी तेच सगळं काखेत मारून परत यायचं. उन्हाळी देशातला नाताळ म्हणून ऑस्ट्रेलियाची नक्कल करायला जाऊ नका. तिथं डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा. लोक समुद्रावर जातात, मेलबर्नमध्ये तर 1938 पासून उघड्यावर मेणबत्त्या धरून नाताळाची गाणी म्हणतात. आपल्याकडं समुद्र नाही, बेंबळा धरण आहे, आणि तिथं मेणबत्ती वाऱ्यानं टिकत नाही. बर्फ नाही म्हणून हळहळायचंही कारण नाही, कारण तो बेथलेहेमलाही क्वचितच पडतो. शुभवर्तमानातले मेंढपाळ रात्री रानात मेंढरं राखत होते. गुडघाभर बर्फात कोण राखील?

तरीही बर्फ हवाच असेल तर तुम्ही योग्य जिल्ह्यात आला आहात. इथं लाखो हेक्टरांवर तो पिकतो आणि नेमका याच दिवसांत वेचला जातो. असं असताना गावातली माणसं बाजारात जाऊन प्लास्टिकच्या पिशवीतला पॉलिस्टरचा बर्फ विकत आणतात. हे पाहून माझा जीव जळतो. जिथं कापसाच्या भावासाठी रस्ता अडवतात, तिथंच नाताळाच्या झाडावर खनिज तेलाचा धागा! 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता, म्हणजे किलोला 81 रुपये. खेड्यात व्यापारी देतो तो भाव वेगळा, तो विचारून सणाच्या दिवशी कुणाचं तोंड कडू करू नका. पण अख्खं घर पांढरं करायला किलोभर पुरतो, हे कळलं तरी बास.

एक खबरदारी. वेचलेला कापूस आणि रुई यांत फरक आहे. शंभर किलो कापूस जिनिंगमध्ये घातला तर साधारण 34-35 किलो रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी. झाडावर सरकीसकट कापूस चालतो. सांताक्लॉजच्या दाढीला मात्र रुईच हवी. सरकीची दाढी लावून तासभर हसणं शक्य नाही आणि ती ओढायला टपलेली पोट्टी सरकी काढून एकमेकांना मारतात. दाढीवाला निवडताना बारीक माणूस घ्या. दुपारी लाल मखमलीच्या डगल्यात जाड्या माणसाचं काय होतं ते मंडळीत सगळ्यांना माहीत असतं, म्हणून जाडे लोक त्या आठवड्यात परगावी जातात.

आता झाड. ख्रिसमस ट्री काही बायबलातलं नाही, त्यामुळं त्यात पावित्र्यभंगाची भीती नाही. 1848 मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकानं व्हिक्टोरिया राणी, तिचा जर्मन नवरा आणि मुलं सजवलेल्या झाडाभोवती उभी असलेली दाखवली आणि इंग्लंडभर ती फॅशन झाली. राणीच्या राज्यात आपणही होतोच. तर झाड कुठलं? सागाचं जंगल जवळ आहे, पण साग या कामाचा नाही: उंच, पानं ताटाएवढी आणि वनखात्याचा डोळा. सुरूची फांदी दिसायला बरी, पण मिळवायला ओळख लागते. बाभळीची एक सोय आहे. तिला काटे असतात, त्यामुळं चांदण्या अडकवायला दोरा लागत नाही. सजवणाऱ्यानं हातमोजे घालावेत.

माझं मत विचाराल तर पऱ्हाटी. डिसेंबरात बोंडं फुटलेली पऱ्हाटी मुळासकट उपटून बादलीत रोवली की झालं, बर्फ आधीच लागलेला. मात्र शेतमालकाला विचारल्याशिवाय उपटू नका. पहिल्या वेचणीत कमी भरलं असेल तर तो प्रत्येक बोंड मोजून असतो. नातेवाइकाच्या शेतातली धुऱ्यावरची शेवटची तास बघावी. घरात आणण्याआधी झाड दाराबाहेर दोनदा झटका, गुलाबी बोंडअळी नाताळाला आमंत्रित नाही. 2017 मध्ये तिनं जिल्ह्यातल्या किती घरांचा नाताळ, दिवाळी आणि पुढचा पाडवाही खाल्ला ते लोक विसरलेले नाहीत.

या कापसाचा आणि परदेशी नाताळाचा एक जुना संबंध सांगून पुढं जाऊ. यवतमाळचा कापूस उचलायला इंग्रज कंपनीनं मूर्तिजापूरपर्यंत 113 किलोमीटर अरुंद रूळ टाकले. तीच आपली शकुंतला रेल्वे. गाठी मूर्तिजापूरहून मुंबई, मुंबईहून मँचेस्टर. तिकडं बर्फ झाडत चर्चला जाणाऱ्या बायांच्या झग्यांत वऱ्हाडाचा धागा असणार. त्यांनी आपला कापूस नेला आणि बदल्यात बर्फाची चित्रं असलेली कार्डं पाठवली. हिशेब तुम्हीच करा.

गोठ्याच्या देखाव्याला मात्र काहीही मागवावं लागत नाही. गव्हाण, कडबा आणि बैल कुणाच्याही वाड्यात असतात. मेंढरं याच दिवसांत मोकळ्या शेतांत बसवलेली असतात, खतासाठी. आणि उंट? नवशिके इथं अडतात. कच्छचे रबारी मेंढरांचे कळप आणि उंट घेऊन विदर्भभर फिरत असतात. एखाद्या संध्याकाळी गावाबाहेरच्या रस्त्यावर मेंढपाळ, मेंढरं, उंट आणि वर पहिली चांदणी असं सगळं एका रांगेत जाताना दिसतं. पवित्र शास्त्रातले ज्ञानी लोक पूर्वेकडून आले होते, हे उंट पश्चिमेकडून येतात. तेवढी तडजोड करा.

मुलांचं नाटक बसवायचं असल्यास साहित्य: टॉवेल. डोक्याला बांधला की मेंढपाळ, खांद्यावर टाकला की योसेफ, गुंडाळून हातात धरला की बाळ. हेरोदाची भूमिका कुणाला द्यायची यावर भांडण होईल, कारण तलवार त्याच्याकडंच असते. देवदूत कुणाला व्हायचं नसतं. पुठ्ठ्याचे पंख पाठीला टोचतात.

यापुढचा भाग काळजीपूर्वक वाचा, कारण नवशिक्यांची खरी परीक्षा कॅरलच्या रात्री होते. नाताळाच्या आधीच्या काही रात्री तरुण पोरं, दोनचार काकू, एक पेटीवाला, एक ढोलकीवाला आणि पाळक असा जथा घरोघर जातो. प्रत्येक घरी एक गाणं, एक प्रार्थना आणि एक चहा. गाण्याची काळजी करू नका. ‘सायलेंट नाइट’ 1818 मध्ये ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावी पहिल्यांदा गिटारवर म्हटलं गेलं. आपल्याकडं ते ढोलकीवर म्हणतात आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत ठेका असा चढतो की रात्र शांत राहत नाही. त्यापेक्षा मराठी गीतं धरा. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजन मराठी मंडळीत असं रुजवलं की येशूचा जन्म टाळांवर गायला आपल्याला अवघड वाटत नाही. घसा बसलेल्यालाही टाळ वाजवता येतात, हा त्यातला जादा फायदा.

परीक्षा आहे ती चहाची. ‘नको’ म्हणू नका. “बसा नं जी, च्या घेतल्याबिगर कसे जाता?” असा प्रश्न येतो आणि त्याला उत्तर नसतं. ‘अर्धाच’ म्हणालात तर पूर्ण येतो. ‘बिनसाखरेचा’ म्हणालात तर घरात कुणाकुणाला साखर आहे याची चर्चा सुरू होते आणि पुढची तीन घरं रात्री बारानंतर होतात. अनुभवी लोक दाराजवळ बसतात, कप हातात घेतात, शेजारच्या पोराला देतात आणि मोठ्यानं “वा, काकू!” म्हणतात. पोट्टे रात्रभर झोपत नाहीत, ते काय नाताळाच्या आनंदानं?

घरांचा क्रम आधी ठरवा आणि ठरवला की कुणाला सांगू नका. मागच्या वर्षी शेवटी गेलेलं घर यंदा पहिलं हवं असतं आणि तशी घरं पाच असतात. ज्या घरात कुणाचं दुखणं आहे तिथं ढोलकी हळू. ज्या घरात यंदा माणूस गेलं आहे तिथं चहा न मागता थोडा वेळ जास्त बसावं.

ज्येष्ठांना भेटताना ‘मेरी ख्रिसमस’ ऐवजी ‘सलाम’ म्हणा, हात जोडा किंवा हातात हात घ्या. मग ते तुम्हाला जवळ बसवून घेतील आणि इतिहास विचारतील, म्हणून थोडा पाठ ठेवा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतलं फ्री मेथडिस्ट मिशन या भागात आलं आणि यवतमाळ त्याचं मोठं ठाणं झालं. पांढरकवड्याजवळ उमरीला त्याचा दवाखाना. 1953 मध्ये यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली, देशभरातून तरुण पाळकपणाचं शिक्षण घ्यायला इथं आले. 1983 मध्ये ती पुण्याला गेली. यवतमाळची पोरं शिकायला पुण्याला जातात हे नेहमीचंच, इथं अख्खं विद्यालयच गेलं. हा विषय काढू नका. काढला तर जेवायला उशीर होईल.

फराळाबद्दल नवशिक्यांचा एकच गैरसमज असतो: केक. केक असतो, बेकरीतून येतो, आठ माणसांत बोटभर वाट्याला येतो. खरा ऐवज डब्यात आहे: करंज्या, शंकरपाळे, चकल्या, चिवडा, अनारसे. दिवाळीत शेजारून जी ताटं आली होती त्यांची परतफेड आता करायची असते, म्हणून करंज्या मोजून नव्हे तर ताटं मोजून करा. रिकामं ताट परत गेलं तर बोलणी पुढच्या दिवाळीपर्यंत ऐकावी लागतात. जेवणात टर्की शोधू नका. 25 तारखेला सकाळी मटणाच्या दुकानासमोर रांग लागते आणि उपासनाही सकाळीच असते. तेव्हा रांगेत असा माणूस पाठवा ज्याच्या गैरहजेरीनं गायनात सुधारणा होईल. बाजूला सांभारवडी हवीच, या दिवसांत सांभार, म्हणजे कोथिंबीर, मातीमोल असतो. जे मटण खात नाहीत त्यांच्यासाठी तुरीच्या ओल्या दाण्यांचा सोलेभात करा. मग मटणवालेही तोच आधी वाढून घेतात, एवढी तांदळाची सोय ठेवा.

31 डिसेंबरला रात्री पुन्हा चर्चमध्ये. जुनं वर्ष प्रार्थनेत संपवायचं आणि नवं प्रार्थनेत सुरू करायचं, असा नेम. बाराला पाच मिनिटं कमी असताना पाळक ‘शेवटचा मुद्दा’ म्हणतात. त्यावर विश्वास ठेवणारा नवशिका समजावा. काही मंडळ्यांत नव्या वर्षासाठी शास्त्रवचनाची चिठ्ठी काढतात. दुसऱ्याच्या चिठ्ठीशी बदलायची नसते, नवराबायकोनंही नाही. बाहेर गावात फटाके वाजतात, त्याचं श्रेय आपल्या गायनाला घेऊ नये.

2 तारखेला पुण्या-मुंबईची मंडळी परत निघतात. त्यांच्या पिशवीत उरलेला फराळ, सांभारची जुडी, तुरीच्या शेंगा आणि लोणच्याची बरणी भरा. बरणी उभी ठेवा. शेंगा वर ठेवा, नाहीतर मूर्तिजापूरच्या आत डब्याला वास सुटतो. “एवढं कशाला जी?” असं ते तीनदा म्हणतील. चौथ्यांदा विचारतील, “अजून थोड्या शेंगा आहेत का?” त्यासाठी एक पिशवी दाराआड आधीच भरून ठेवा.