हाडे बळकट करण्याची भाट्ये पद्धत

हाडे बळकट करू पाहणाऱ्याने सूर्य बुडायच्या बेताला कोकणातल्या भाट्याच्या किनाऱ्यावर यावे आणि सुरूच्या बनाकडे पाठ करून सूर्यास्त पाहावा. त्यातून ड जीवनसत्त्व मिळत नाही, पण ‘आम्ही उन्हात जातो हो, तरी कमीच’ असे डॉक्टरांना सांगायची सोय होते. हे जीवनसत्त्व त्वचेत तयार करणारे अतिनील किरण सूर्य वर असतानाच पुरेसे पोचतात. आपली सावली आपल्यापेक्षा लांब पडू लागली की त्यांचा बाजार उठत आला समजावे. सतराव्या अक्षांशावर भर दुपारी उन्हाला तोटा नसतो, म्हणून त्या वेळी पूर्ण बाह्या, स्कार्फ आणि छत्री असा जामानिमा चुकवू नये. चारचाकीच्या काचा वर घ्याव्यात. घाम येण्याइतके ऊन आत येते आणि कामाचे किरण बाहेर राहतात.

आता कॅल्शियम. बाजारातल्या बऱ्याच गोळ्यांतले कॅल्शियम कार्बोनेट कालवांच्या शिंपांपासून केलेले असते. म्हणून काजळीच्या खाडीतले मुळे आणावेत, आतले मांस कालवणात घालावे, शिंपा परसात फेकाव्यात आणि त्याच जातीचा माल दळून, चकचकीत पट्टीत बसून आला की पैसे मोजावेत. सोबतच्या ड जीवनसत्त्वाचा उगम बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या चरबीत असतो, हे कोकणच्या हवेत उगाच आठवू नये. प्रौढाला दिवसाला सुमारे 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. नाचणीच्या 100 ग्रॅम पिठात त्यातला तिसरा हिस्सा असतो, काट्यासकट चावून खाल्लेली मांदेली आणखी भर घालते. पण नाचणीला आणि मांदेलीला पट्टी नसते, तेव्हा विश्वास कशावर ठेवायचा? गावात नारळ संशोधन केंद्र आहे म्हणून नारळावर भिस्त ठेवणाऱ्यांनी मात्र सावध व्हावे. खोबऱ्यात कॅल्शियम अगदीच नगण्य.

‘घेतली एखादी गोळी जास्त, तर बिघडले कुठे?’ हा आक्षेप सगळ्यात लोकप्रिय. अमेरिकेत 36282 स्त्रियांवर सुमारे सात वर्षे झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2006 साली आले. कॅल्शियम व ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांत खुब्याची हाडे मोडण्याचे प्रमाण लक्षणीय घटले नाही, मूतखडे मात्र 17 टक्क्यांनी वाढले. 2022 सालच्या मोठ्या चाचणीतही नुसत्या ड जीवनसत्त्वाने धडधाकट प्रौढांची हाडे मोडायची थांबली नाहीत. मग गोळ्या थोतांड का? तसेही नाही. 1992 साली फ्रान्समधल्या वृद्धाश्रमांतल्या म्हाताऱ्या बायकांवर हीच जोडी वापरली, तेव्हा खुबे मोडणे चांगलेच कमी झाले. उन्हाला आणि आहाराला पारखे झालेले, हाडे ठिसूळ झालेले, दीर्घकाळ स्टेरॉईड घेणारे यांना डॉक्टर गोळी देतात ती याच हिशेबाने. कमतरता आहे त्याची भरपाई होते. नाही त्याच्या हाडाला दुसरा मजला चढत नाही. पण शेजारणीला लागू पडली ती आपल्यालाही पडणारच, हे वैद्यकशास्त्र आपल्याकडे जुने आहे.

तरी घ्यायचीच, तर कार्बोनेटची गोळी जेवणासोबत घ्यावी, आणि थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब. उत्साही मंडळींनी दोन्ही एकाच घोटात गिळाव्यात म्हणजे थायरॉईडची वाया जाते. आठवड्याला एक म्हणून दिलेली ड जीवनसत्त्वाची 60000 एककांची पुडी, वार लक्षात राहत नाही म्हणून रोज घ्यावी. रक्तातले कॅल्शियम वाढून उलट्या सुरू झाल्या आणि मूत्रपिंडे कुरकुरू लागली की दवाखान्यातले लोक वाराची आठवण ठेवतात.