बडीशेपेतलं कॉस्ट डाउन

चाकणच्या तळेगाव चौकात अडकलेली गाडी सुटेपर्यंत माणसाला भूक लागते, म्हणून तिथली हॉटेलं चालतात, असं एक मत आहे. दुसरं मत असं, की ती परचेसच्या साहेबांवर चालतात. ऑर्डर साहेब देतात, बिल सुटे भाग पुरवणारा वेंडर भरतो. सकाळीच साहेबांनी त्याला बुशमागे चार पैसे सोडायला लावलेले असतात. याला इकडे कॉस्ट डाउन म्हणतात. गणपतीसारखं दरवर्षी येतं, फक्त विसर्जन वेंडरचं होतं. त्याच्या उरल्यासुरल्या खिशातून वेटरची टिप निघायची असते.

पूर्वी निघायची. त्याचं शास्त्र होतं. बिल ४६० झालं, गिऱ्हाइकाने पाचशेची नोट ठेवली, की नवखा पोरगा गल्ल्यावरून वीस-वीसच्या दोन नोटा आणायचा. त्या गिऱ्हाईक अलगद उचलायचं. मुरलेला वेटर वीसची एक, दहाची एक आणि पाचाची दोन नाणी मागून घ्यायचा, आणि नाणी बडीशेपेत अर्धी बुडवून ताटली पुढे सरकवायचा. भोसरीतल्या कारखानदारालाही चारचौघांत बडीशेप उकरायची लाज वाटते.

२०१६ साली यूपीआय आलं आणि या लाजेची गरजच उरली नाही. गल्ल्यावरचा डबा नेमके ४६० आल्याचं ओरडून सांगतो; सुट्टे उरणार कुठून? वर चार पैसे पाठवले तरी ते मालकाच्या खात्यात. वेटरने स्वतःचा क्यूआर दाखवला, तर मालक त्याला दार दाखवतो. ज्यांचं जेवण कंपनीच्या खर्चात, त्यांची अडचण निराळी: पाच टक्के जीएसटीचं बिल अकाउंट्स पास करतं, टिपेचं बिलच नसतं.

त्यात कायदाही मदतीला आला. ४ जुलै २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलं, बिलात सर्व्हिस चार्ज परस्पर लावायचा नाही. २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच म्हटलं: द्यायचं की नाही, गिऱ्हाइकाने ठरवावं. निकाल रास्तच आहे. कौतुक एवढंच, की हेल्मेटच्या बाबतीत कुणाच्या बापाचं न ऐकणारं पिंपरी-चिंचवड या बाबतीत कायद्याबाहेर एक रुपया जात नाही.

वेटरने आता उद्यम नोंदणी करून घ्यावी. सूक्ष्म उद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावेत, असं २००६ चा कायदा सांगतो. म्हणजे टिपेचं इनव्हॉइस काढायचं, साहेबांच्या गेटवर इनवर्ड करायचं आणि फॉलोअप घेत बसायचं. सेहेचाळिसाव्या दिवशी मेल येईल: रोटी स्पेसिफिकेशनपेक्षा कडक होती, सोबत डेबिट नोट जोडली आहे.